सलाईनमधून औषध सुरू असताना रिॲक्शन आली किंवा जीव घाबरला, तर काय करावे

मराठीत ‘मला घाबरल्यासारखे होते आहे’ या वाक्याचे दोन अर्थ होतात. एक अर्थ भीती वाटते आहे असा, आणि दुसरा अंगात काहीतरी बिघडते आहे, घाम फुटतो आहे, जीव कासावीस होतो आहे असा. अल्सरेटिव्ह कोलायटिस या मोठ्या आतड्याच्या आजारासाठी इन्फ्लिक्सिमॅब या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाचा दुसरा डोस घेत असताना मी हे वाक्य दुसऱ्या अर्थाने बोलले आणि सिस्टरांनी ते पहिल्या अर्थाने ऐकले. ‘घाबरू नका हो, काही होत नाही,’ असे म्हणून त्या पलीकडच्या पलंगाकडे वळल्या. चार-पाच मिनिटांत माझ्या मानेवर आणि छातीवर गांधी उठल्या, हातांचे तळवे खाजू लागले आणि मग धावपळ झाली. सलाईन बंद केले गेले, एव्हिल (ॲलर्जीविरोधी औषध) आणि हायड्रोकॉर्टिसोन (स्टिरॉइड) यांची इंजेक्शने दिली गेली, अर्ध्या-पाऊण तासात खाज ओसरली आणि उरलेले औषध अगदी संथ गतीने चढवून पूर्ण झाले. त्या सिस्टरांना मी दोष देत नाही, कारण माझ्या वाक्यातून त्यांना कळण्यासारखे काही नव्हतेच.

तेव्हापासून अनेकदा त्या खुर्चीत बसून झाले आहे, आणि एक गोष्ट मनाशी पक्की झाली आहे. शरीरात चालले आहे ती ॲलर्जी आहे की भीती, हे रुग्णाने ठरवत बसू नये. ते नाडी, रक्तदाब आणि ऑक्सिजनचे आकडे घेऊन, त्वचा पाहून आणि छाती तपासून ठरवायचे असते. रुग्णाने लवकर आणि नेमक्या शब्दांत सांगायचे असते. पुढे जे लिहिले आहे ते या एका कामाची तयारी आहे. आपल्या औषधाची गती, मात्रा आणि सोबतची इंजेक्शने यांचा निर्णय अर्थातच उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा असतो.

रिॲक्शन का येते, आणि कोणत्या डोसला येते

शिरेतून द्यायच्या सर्व औषधांची वागणूक सारखी नसते, आणि आपल्या औषधाचा स्वभाव माहीत असला की निम्मी भीती जागच्या जागी बसते. इन्फ्लिक्सिमॅब हे प्रथिन आहे आणि त्याचा सुमारे पाव भाग उंदराच्या प्रथिनापासून घेतलेला आहे. शरीर त्याला परके समजून त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करू शकते, आणि अशी प्रतिपिंडे तयार झालेल्या रुग्णांत रिॲक्शनचे प्रमाण जास्त आढळते. प्रतिपिंडे तयार व्हायला वेळ लागत असल्यामुळे पहिला डोस सुरळीत गेला म्हणजे पुढचे सर्व तसेच जातील, असे धरून चालता येत नाही. पहिले तीन डोस शून्य, दोन आणि सहा आठवड्यांनी आणि त्यानंतर आतड्याच्या आजारात साधारणतः दर आठ आठवड्यांनी, असे वेळापत्रक असते. ते पाळण्यामागे आजार आटोक्यात ठेवण्याखेरीज हेही कारण आहे की मध्ये मोठा खंड पडून औषध पुन्हा सुरू केले, तर रिॲक्शनची शक्यता वाढते. विम्याची मंजुरी रखडली, पैशांची जुळवाजुळव झाली नाही, लग्नघरी जायचे होते किंवा मागच्या वेळच्या अनुभवाने धीर झाला नाही, अशा कारणांनी डोस पुढे ढकलला जातो. मग सहा-आठ महिन्यांनी रुग्ण परत येतो तेव्हा ‘पूर्वी कधीच त्रास झाला नव्हता’ हे वाक्य त्याच्या कामाचे राहत नाही. खंड किती पडला हे त्याने आपणहून सांगितले पाहिजे.

रिटुक्सिमॅबचा स्वभाव जवळजवळ उलटा आहे. काही रक्ताच्या कर्करोगांत आणि संधिवातात दिले जाणारे हे औषध बी-पेशींना, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींना, लक्ष्य करते आणि त्या पेशी मोठ्या संख्येने फुटताना जी रसायने रक्तात येतात त्यांच्यामुळे हुडहुडी, ताप, घशात खवखव, रक्तदाब उतरणे असे प्रकार होतात. म्हणून पहिला डोस सर्वांत त्रासाचा असतो, तीव्र त्रास बहुतेक वेळा पहिल्या अर्ध्या ते दोन तासांत दिसतो आणि पुढच्या डोसला तो सहसा कमी होतो. पहिल्या वेळी हे औषध तासाला ५० मिलिग्रॅम इतक्या संथ गतीने सुरू करून दर अर्ध्या तासाने गती वाढवण्याची पद्धत आहे. त्यामुळे शेजारच्याचे सलाईन दोन तासांत संपले आणि आपले अजून अर्धेच झाले, यात चुकीचे काही नसते. इम्युनोग्लोब्युलिनमध्ये (रक्तदात्यांच्या रक्तातून वेगळ्या केलेल्या प्रतिपिंडांच्या सलाईनमध्ये) डोकेदुखी आणि थंडी वाजणे हे बहुधा गतीशी निगडित असते. लोहाच्या सलाईनमध्ये एक वेगळाच प्रकार दिसतो. चेहरा लाल होतो, छातीत आवळल्यासारखे होते, पाठ आणि सांधे दुखू लागतात, पण रक्तदाब उतरत नाही, अंगावर काही उठत नाही आणि सलाईन थांबवले की काही मिनिटांत सगळे ओसरते. ही खरी ॲलर्जी नसते. अशा वेळी घाईने एव्हिलसारखे औषध दिले तर त्याच्याच गुंगीने आणि उतरलेल्या रक्तदाबाने चित्र अधिक गोंधळाचे होऊ शकते, म्हणून जाणकार डॉक्टर आधी नुसते थांबून पाहतात.

आता आकड्यांकडे पाहू. इन्फ्लिक्सिमॅबच्या मोठ्या चाचण्यांमध्ये औषध घेणाऱ्यांपैकी सुमारे १८ टक्के रुग्णांना सलाईन सुरू असताना किंवा संपल्यावर तासाभरात काही ना काही त्रास झाला, आणि तीव्र रिॲक्शन एक टक्क्याहूनही कमी जणांना आली. त्याच चाचण्यांत ज्यांना औषधाऐवजी औषध नसलेले सलाईन दिले होते त्यांच्यापैकी सुमारे पाच टक्के लोकांनाही असा त्रास झाला. हा दुसरा आकडा मला फार मोलाचा वाटतो. सुई, वाट पाहणे, दवाखान्याचा वास आणि मनातली धास्ती यांनी खरीखुरी शारीरिक लक्षणे निर्माण होतात. ती सोंग नसतात आणि ती सांगणारा माणूस भित्राही ठरत नाही. आणखी एक गोष्ट, जी पहिल्या रिॲक्शननंतर मला कुणीतरी सांगायला हवी होती. सुरुवातीच्या डोसांमध्ये ज्यांना रिॲक्शन आली होती त्यांच्यापैकी पुढच्या डोसांमध्ये पुन्हा त्रास झालेल्यांचे प्रमाण सुमारे २७ टक्के होते, म्हणजे साधारण चारांपैकी तिघांना पुन्हा काही झाले नाही.

घरून निघण्याआधी

आदल्या दिवशी एका कागदावर सध्या चालू असलेल्या सर्व गोळ्या लिहाव्यात, आणि त्यात रक्तदाबाच्या व हृदयाच्या गोळ्या ठळक कराव्यात. मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल, प्रोप्रानोलॉल यांसारख्या बीटा ब्लॉकर गोळ्या चालू असतील तर तीव्र रिॲक्शनच्या वेळी दिल्या जाणाऱ्या ॲड्रेनॅलिनचा परिणाम कमी पडू शकतो. यातली प्रोप्रानोलॉल ही गोळी धडधड कमी व्हावी म्हणूनही दिली जाते, आणि ‘आज सलाईन आहे, जरा शांत वाटेल’ म्हणून कुणी ती घरातल्या डब्यातून काढून घेतो. असे मुळीच करू नये. भीती कमी करण्याच्या प्रयत्नात आपण नाडीचा आकडाही फसवा करतो आणि जीव वाचवणाऱ्या औषधाची धारही बोथट करतो. झोपेची गोळीही अशी स्वतःच्या मनाने घेऊ नये. मात्र डॉक्टरांनी नेहमीसाठी दिलेली गोळी स्वतःच्या मनाने बंद करणेही तितकेच धोक्याचे असते. रिटुक्सिमॅबच्या दिवशी सकाळची रक्तदाबाची गोळी घ्यायची की पुढे ढकलायची, हा प्रश्न आदल्या दिवशीच फोन करून विचारावा, कारण त्या औषधाने रक्तदाब उतरू शकतो म्हणून काही रुग्णांना ती बारा तास आधीपासून थांबवायला सांगतात.

ताप, खोकला, लघवीला जळजळ, दातातला पू, अंगावरचे गळू यांपैकी काहीही असेल तर ते लपवू नये. इन्फ्लिक्सिमॅब, रिटुक्सिमॅबसारखी औषधे प्रतिकारशक्ती दाबतात आणि संसर्ग असताना डोस पुढे ढकलावा लागू शकतो. शिवाय सलाईनच्या मध्येच थंडी वाजून आली तर ती औषधाने की आधीच्या तापाने, हे नंतर कळत नाही.

उपाशी जाऊ नये. रक्त तपासणीला उपाशी जातात म्हणून सलाईनलाही तसेच जायचे, असा पुष्कळांचा समज असतो, आणि चतुर्थी किंवा एकादशी त्याच दिवशी आली की उपास मोडायचा नसतो. रिकाम्या पोटी हात थरथरणे, घाम, धडधड आणि डोके हलके होणे ही लक्षणे भीतीशी आणि रिॲक्शनशी इतकी मिळतीजुळती असतात की पुढचा सगळा हिशेब चुकतो. पोळी-भाजी किंवा उपमा असा साधा नाश्ता करावा, चहा-कॉफी एखादाच कप घ्यावी आणि पाणी भरपूर प्यावे. पाण्याने शीर लवकर सापडते, आणि दोनदा टोचावे लागले नाही तर दिवसाची सुरुवात बरी होते. कपडे असे असावेत की बाही दंडापर्यंत वर जाईल आणि गळा-छाती पाहता येईल. परतताना स्वतः दुचाकी चालवण्याचा बेत ठेवू नये, कारण एव्हिलची गुंगी संध्याकाळपर्यंत राहू शकते.

इन्फ्लिक्सिमॅब किंवा रिटुक्सिमॅबची कुपी बाहेरच्या दुकानातून विकत घेऊन न्यावी लागत असेल तर ती २ ते ८ अंश तापमानात राहिली पाहिजे आणि गोठता कामा नये. बर्फाला थेट चिकटवून नेलेली कुपी कडेने गोठू शकते, म्हणून मध्ये टॉवेल किंवा पुठ्ठा असावा. कुपीवरचे नाव आणि बॅच क्रमांक वहीत लिहून ठेवावा किंवा त्याचा फोटो काढावा. आता एकाच औषधाची अनेक कंपन्यांची उत्पादने मिळतात, आणि पुढे कधी त्रास झाला तर ‘कोणते होते’ हा प्रश्न सर्वांत आधी विचारला जातो.

सोबत कोण येणार, याचाही विचार करावा. दर दोन मिनिटांनी ‘काही होत नाही ना?’ असे विचारणारा नातेवाईक प्रेमळ असतो, पण त्याच्या शेजारी बसून कुणाचीही नाडी शंभरच्या वर जाईल. त्याला दुसरे काम द्यावे. वेळ आणि आकडे वहीत लिहिण्याचे काम उत्तम असते.

सुई लावताना आणि पहिला अर्धा तास

खुर्चीत बसल्यावर औषध सुरू होण्याआधी रक्तदाब, नाडी, ऑक्सिजन आणि ताप हे चार आकडे घेतले जातात. ते विचारून लिहून घ्यावेत. नंतर कधी धडधड वाटली आणि नाडी ९६ निघाली, तर सुरुवातीलाच ती ९२ होती हे माहीत असण्याने जो दिलासा मिळतो तो कुणाच्या शब्दांनी मिळत नाही. याच वेळी सिस्टरांना तीन गोष्टी सांगून टाकाव्यात, म्हणजे मागच्या वेळी काय झाले होते, आपल्याला कशाची भीती वाटते, आणि काही वाटले तर आपण लगेच हाक मारणार आहोत. भीती वाटते हे आधीच मोकळेपणाने सांगितले की ती सगळ्यांच्या माहितीची होते आणि खऱ्या लक्षणावर पांघरूण घालत नाही. शक्य असेल तर सिस्टरांच्या टेबलावरून दिसणारी जागा मागावी. बेल हाताशी आहे ना आणि ती वाजते ना, हे एकदा दाबून पाहावे. ॲड्रेनॅलिन कुठे ठेवले आहे, असे विचारण्यात उद्धटपणा नाही. मी हा प्रश्न हसत विचारते, आणि आजवर कुणी रागावलेले नाही.

इंट्राकॅथ (शिरेत बसवायची सुई-नळी) लावताना ज्यांना चक्कर येते त्यांचा प्रकार निराळा असतो. रक्त किंवा सुई पाहून नाडी मंदावते, रक्तदाब उतरतो, चेहरा पांढराफटक पडतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. ही ॲलर्जी नाही, आणि दीर्घ श्वास घेऊन अंग सैल सोडण्याने ती थांबतही नाही, उलट अंग सैल सोडल्याने रक्तदाब आणखी घसरतो. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-योरान ऑस्ट यांनी १९८०च्या दशकात यासाठी एक सोपी युक्ती विकसित केली. मांड्या, पोट आणि ज्या हाताला सुई लावायची नाही त्या हाताचे स्नायू दहा-पंधरा सेकंद, चेहरा गरम वाटू लागेपर्यंत, घट्ट आवळावेत, मग वीस-तीस सेकंद साध्या अवस्थेत आणावेत, आणि असे पाच वेळा करावे. याने रक्तदाब टिकून राहतो. घरी आठवडाभर आधी सराव केला तर वेळेवर आठवते. सुई लागेपर्यंत आडवे झोपण्याची परवानगी मागावी, ती सहसा मिळते.

औषध सुरू करण्यापूर्वी पुष्कळ ठिकाणी पॅरासिटामॉल, ॲलर्जीविरोधी गोळी किंवा इंजेक्शन आणि कधी स्टिरॉइड देतात. रिटुक्सिमॅबला हे सर्रास लागते. इन्फ्लिक्सिमॅबला सर्वांना सरसकट दिल्याने रिॲक्शन टळतात याचा पुरावा मात्र भक्कम नाही, म्हणून एखाद्या ठिकाणी दिले नाही तर हलगर्जीपणा झाला असे समजू नये. या आधीच्या औषधांचे स्वतःचे परिणाम असतात आणि ते कुणी सांगत नाही, हे मला खटकते. एव्हिलने तोंड कोरडे पडते आणि डोळे जड होतात. स्टिरॉइडने तोंडाला धातूसारखी चव येते, चेहरा तापतो, बोलण्यात उगाच घाई येते, त्या रात्री झोप लागत नाही आणि मधुमेह असेल तर साखर चढते. डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड शिरेतून भरभर दिले तर जांघेत आणि गुदद्वाराजवळ अचानक झोंबल्यासारखी आग होते, ती थोड्याच वेळात जाते. लाजेने कुणी हे बोलत नाही आणि मनातल्या मनात ‘रिॲक्शन आली’ असे समजून हादरून जातो.

हाक कधी मारावी आणि काय म्हणावे

मराठीत ‘पित्त’ या शब्दानेही गोंधळ होतो. छातीत जळजळ झाली तरी आपण पित्त झाले म्हणतो, आणि अंगावर खाजणाऱ्या गांधी उठल्या तरी पित्त उठले म्हणतो. खुर्चीत बसून नुसते ‘पित्त होतेय’ म्हटले तर पँटोप्राझोलची, म्हणजे ॲसिडिटीची, गोळी हातात पडण्याची शक्यता आहे. म्हणून शरीराचा भाग, काय होते आहे आणि कधीपासून, या क्रमाने बोलावे. ‘सिस्टर, दोन मिनिटांपासून तळहात खाजताहेत.’ ‘घसा आवळल्यासारखा होतोय, आवाज बसतोय.’ ‘श्वास सोडताना शिट्टी वाजतेय.’ ‘पोटात एकदम कळ आली आणि मळमळतंय.’ अशा वाक्यावर ‘घाबरू नका’ एवढेच उत्तर देऊन कुणी पुढे जात नाही.

तळहात, तळपाय, टाळू किंवा कानांची खाज, अंगावर गांधी, ओठ-पापण्या सुजणे, जीभ जाड वाटणे, गिळताना अडथळा, छातीत आवळणे, दम लागणे, सतत खोकला, पाठीत किंवा कमरेत अचानक भरून येणे, हुडहुडी, डोळ्यांपुढे अंधारी, यांपैकी एकही गोष्ट जाणवली तर ती वाढेपर्यंत वाट पाहू नये. तीव्र रिॲक्शन अंगावर काहीही न उठताही येऊ शकते, म्हणून ‘त्वचा तर स्वच्छ आहे’ हे गप्प बसण्याचे कारण होत नाही. आतड्याचा आजार असलेल्यांनी एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. पोटात मुरडा येऊन शौचाची घाई होणे हे आपल्याला रोजचे असते, पण सलाईन सुरू असताना ते अचानक आले तर ते रिॲक्शनचेही लक्षण असू शकते, आणि उठून घाईने शौचालयाकडे जाणे ही त्या क्षणी सर्वांत वाईट गोष्ट ठरू शकते. आधी सिस्टरांना बोलवावे. ‘आता काहीतरी भयंकर होणार’ अशी अकारण, एकाएकी दाटून आलेली जाणीव हेदेखील तीव्र ॲलर्जीचे मान्यताप्राप्त लक्षण आहे. मनाचा खेळ म्हणून तिला झटकू नये, ती सांगावी.

मग पुढे काय होते, हे माहीत असावे. सर्वांत आधी औषध थांबवतात. सुई काढत नाहीत, शीर उघडी ठेवून साधे सलाईन लावतात. आकडे पुन्हा घेतात. त्रास सौम्य असेल तर वीस-तीस मिनिटे थांबून, गरजेप्रमाणे ॲलर्जीविरोधी औषध देऊन, निम्म्याहून कमी गतीने औषध पुन्हा सुरू करतात, आणि अनेक जणांचा डोस अशा रीतीने पूर्ण होतो. सलाईनच्या नळीवरचे चाक रुग्णाने किंवा नातेवाइकाने फिरवू नये. लवकर घरी जाता यावे म्हणून गुपचूप गती वाढवणारे महाभाग मी पाहिले आहेत. आणीबाणीत कुणी जवळ नसेल तर चाक बंद करायचे का आणि कसे, हे मात्र सुरुवातीलाच सिस्टरांना विचारून ठेवावे.

त्रास तीव्र असेल, म्हणजे श्वास अडकत असेल, रक्तदाब कोसळत असेल किंवा शुद्ध हरपू लागली असेल, तर पहिले औषध ॲड्रेनॅलिन असते. एव्हिल आणि स्टिरॉइड त्याची जागा घेऊ शकत नाहीत. प्रौढांना ०.५ मिलिग्रॅम इतके ॲड्रेनॅलिन मांडीच्या बाहेरच्या बाजूला मध्यावर स्नायूत देतात आणि गरज पडल्यास पाच मिनिटांनी पुन्हा देतात. ते दिल्यावर छाती जोरात धडधडते, हात कापतात, चेहरा फिका पडतो आणि भीती एकदम वाढल्यासारखी वाटते. हा औषधाचाच परिणाम असतो आणि तो थोड्या वेळात उतरतो, हे आधी ठाऊक असले तर त्या धडधडीला आणखी एक संकट समजण्याची वेळ येत नाही. अशा वेळी पाय उंच करून आडवे राहावे, फार दम लागत असेल तर बसते करतात, पण एकदम उठून उभे राहू नये. बरे वाटल्यावरही काही तासांनी लक्षणे परत येऊ शकतात, म्हणून ‘आता ठीक आहे, जातो’ असा आग्रह धरू नये. रिॲक्शननंतर एक-दोन तासांच्या सुमारास ट्रिप्टेजसाठी (तीव्र ॲलर्जीत रक्तात वाढणाऱ्या एका प्रथिनाच्या तपासणीसाठी) रक्त घेता येते, आणि ती खरी तीव्र ॲलर्जी होती का हे पुढे ठरवताना त्याचा उपयोग होतो. ही तपासणी वेळेतच करावी लागत असल्यामुळे नातेवाइकाने तिची आठवण करून द्यायला हरकत नाही.

आकडे ठीक असतील, तेव्हा

सिस्टर आल्या, त्यांनी पाहिले, रक्तदाब नेहमीचा किंवा थोडा वर आहे, ऑक्सिजन ९८ आहे, अंगावर काही नाही, छाती मोकळी आहे, आणि तरीही बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येताहेत, श्वास पुरत नाही असे वाटते आहे. हे बहुधा भराभर श्वास घेतल्याने होते. रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्यामुळे मुंग्या येतात, डोके हलके होते, बोटे आखडतात. तपासणी झाल्यानंतरच, त्याआधी नव्हे, श्वासाकडे वळावे. नाकाने चार आकड्यांपर्यंत श्वास घ्यावा आणि सहा आकड्यांपर्यंत सोडावा. श्वास खोल असण्यापेक्षा संथ असणे महत्त्वाचे आहे, आणि तो रोखून धरू नये. पाठ असलेले स्तोत्र किंवा अभंग हळू आवाजात म्हटला तरी श्वास आपोआप लांबतो आणि आकडे मोजण्याचा कंटाळाही येत नाही. भ्रामरी चालते. कपालभाती आणि भस्त्रिका मात्र या खुर्चीत करू नये, कारण त्यात श्वास भराभरच चालतो आणि मुंग्या वाढतात. कागदी पिशवीत श्वास घेण्याचा जुना उपायही करू नये, दम्याचा किंवा ॲलर्जीचा भाग असेल तर तो घातक ठरतो.

भीतीची लाट साधारण दहा मिनिटांत शिखरावर पोहोचते आणि मग उतरू लागते. त्या दहा मिनिटांत मॉनिटरकडे किंवा थेंबांकडे टक लावून बसू नये. मी हातात सोलायला मटारच्या शेंगा नेण्याचा विचार केला होता, पण सिस्टरांनी हसून नकार दिला, म्हणून आता मोकळ्या हाताने शब्दकोडे सोडवते. मोबाईलवर औषधाचे नाव टाकून शोध घेणे पूर्ण वर्ज्य करावे. दहा मिनिटांनी लक्षणे कमी झाली नाहीत, किंवा एखादे नवे लक्षण आले, तर पुन्हा हाक मारावी. एकदा खोटी ठरलेली हाक दुसऱ्यांदा मारायला संकोच वाटतो, आणि धोका नेमका त्या संकोचात असतो.

पुढच्या डोसाची धास्ती

एकदा रिॲक्शन आली की पुढच्या तारखेच्या आठवडाभर आधीपासून पोटात गोळा येऊ लागतो, स्पिरिटच्या वासाने मळमळते, आणि ‘या वेळी राहू दे’ असे वाटते. या धास्तीवर माझ्या अनुभवात सर्वांत उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे कागद. डिस्चार्जच्या वेळी डॉक्टरांकडून लिहून घ्यावे की औषध सुरू झाल्यापासून किती मिनिटांनी त्रास झाला, तोपर्यंत किती मिलिलिटर गेले होते, गती काय होती, कोणती लक्षणे आणि आकडे होते, काय दिले आणि किती वेळात बरे वाटले. पुढच्या वेळी ड्युटीवर दुसरे कुणी असते, आणि ‘मागच्या वेळी जरा त्रास झाला होता’ या वाक्यावर कुणाला योजना करता येत नाही.

तो कागद घेऊन पुढच्या तारखेच्या आधी वेळ मागून डॉक्टरांशी बोलावे. गती तासाला १० मिलिलिटरसारख्या संथ टप्प्याने सुरू करता येईल का? औषधाची रक्तातली पातळी आणि प्रतिपिंडे तपासायची का? ॲझाथायोप्रिन किंवा मेथोट्रेक्सेट ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे जोडीला दिल्याने प्रतिपिंडे कमी होतात, ते आपल्याला चालेल का? पूर्णतः मानवी प्रथिनापासून बनलेले, त्वचेखाली घ्यायचे ॲडॅलिमुमॅब हा पर्याय आहे का? रिॲक्शन तीव्र असेल तर तेच औषध पुन्हा देणे बहुधा टाळतात. काही औषधांबाबत, दुसरा मार्ग नसेल तेव्हा, अतिशय सूक्ष्म मात्रेपासून पायरीपायरीने नेण्याची पद्धत कडक देखरेखीखाली वापरतात. यातले काय लागू पडेल हे डॉक्टर ठरवतील, पण न सांगता डोस चुकवणे हा पर्याय कुठल्याच यादीत नाही.

धास्तीने झोप उडाली असेल, किंवा सलाईनचा दिवस नसतानाही छाती धडधडत असेल, तर समुपदेशकाची मदत घ्यावी. भीतीच्या पायऱ्या ठरवून हळूहळू चढण्याची उपचारपद्धत सुईच्या भीतीवर चांगली चालते. केंद्र सरकारची टेलि-मानस ही १४४१६ क्रमांकाची मोफत सेवा २०२२पासून सुरू आहे आणि तिथे मराठीत बोलता येते.

घरी परतल्यावर

सलाईन संपल्यावर सांगितले असेल तितका वेळ, बहुधा एक-दोन तास, तिथेच थांबावे. बस चुकेल म्हणून निघू नये. घरी पहिली रात्र एकट्याने काढू नये. श्वास लागला, चेहरा सुजला किंवा चक्कर आली तर फोनवर सल्ला विचारत न बसता १०८ला फोन करून रुग्णवाहिका बोलवावी आणि कोणते औषध किती वाजता घेतले ते पहिल्याच वाक्यात सांगावे.

इन्फ्लिक्सिमॅबची एक रिॲक्शन उशिराही येते. एका दिवसापासून दोन आठवड्यांपर्यंत कधीही सांधे आणि स्नायू दुखणे, ताप, पुरळ, हातापायांवर सूज आणि जबडा दुखणे असा त्रास होऊ शकतो. चिकुनगुन्या किंवा व्हायरल समजून लोक अंगावर काढतात, आणि पुढच्या डोसला सांगायचेही विसरतात. जबड्याचे दुखणे दाताच्या डॉक्टरकडे नेण्याआधी सलाईनची तारीख पाहावी. नुसता ताप आला तरी डॉक्टरांना कळवावे, कारण या औषधांवर असताना क्षयरोगासह इतर संसर्गांची शक्यता धरावीच लागते.

औषधाचा दुष्परिणाम रुग्णालाही स्वतः नोंदवता येतो. गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनमार्फत चालणाऱ्या औषधसुरक्षा कार्यक्रमाचा १८००-१८०-३०२४ हा टोल-फ्री क्रमांक त्यासाठी आहे, आणि रुग्णांसाठी वेगळा फॉर्मही आहे. नोंद करताना औषधाचे नाव आणि बॅच क्रमांक विचारतात, म्हणून कुपीचा फोटो मोबाईलमधून पुसून टाकू नये.